मागच्या सीटवरून

मैत्रिणींनो, दिवाळीनंतर आम्ही तीन जोडपी मोटारसायकलींवरून जित्याहून गणपतीपुळ्याला जाऊन आलो. चार दिवस. मुलं सासूबाईंकडे. वाट मुद्दाम किनाऱ्याची धरली. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या गाडीसकट फेरीबोटीने ओलांडायच्या. पाठीला तेवढाच विसावा!

पण खरं सांगू? पहिल्या दिवशी आम्ही तिघीही पाणीच प्यायलो नाही. वाटेत जायचं कुठे, अन् पुरुषांना सांगायचं कसं? शाळेत मुलींना ‘पाणी प्या गं’ म्हणून दटावणारी मी! दिवेआगरच्या अलीकडे डोळ्यांपुढे अंधारी आली. ह्यांच्या खांद्याला घट्ट धरलं म्हणून बचावले.

रात्री सगळ्यांसमोर बोलले. दुसऱ्या दिवसापासून दीड-दोन तासांनी थांबायचंच ठरलं : पेट्रोलपंप, एस.टी. स्थानक, नाहीतर खानावळ. पाण्यात मीठ-साखर, जोडीला कोकम सरबत. (आणि ओढणी घरीच ठेवा बरं, चाकात अडकली तर थेट गळ्याशी येते.)

दाभोळला बोटीची वाट बघताना आमच्यातल्या सर्वांत अबोल बाईने बाटली रिकामी केली आणि नवऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाली, “पलीकडे उतरलो की पहिल्या पंपावर थांबवा हं.”