लाल सोड्याची किंमत
(तृतीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी ताईचा साखरपुडा ठरला आणि पाहुण्यांना थंड काय द्यायचे यावर आमच्या घरी चर्चा सुरू झाली. चर्चा कसली, निर्णय झालेलाच होता. काळ्या पेयाच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या आणि कागदी पेले! एवढ्यात कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली आजी म्हणाली, "माझ्या साखरपुड्याला लाल सोडा होता." झाले! घरात सगळ्यांत रिकामा मी, त्यामुळे लाल सोडा शोधण्याची कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

"कुठल्या कंपनीचा गं आजी?"

"मला कुठं तेव्हा वाचता येत होतं? लाल होता. जीभ लाल व्हायची. तुझ्या आजोबांकडच्यांनी मुंबईहून लाँचीतून पेटी आणलेली, मोऱ्याला उतरवलेली. चार आण्याला बाटली."

म्हणजे नाव माहीत नाही, रंग माहीत आहे आणि भाव माहीत आहे. संशोधनाला एवढी सामग्री पुरेशी आहे असे आमचे इतिहासाचे सर म्हणाले असते की नाही, कोण जाणे!

थोड्या चौकशीनंतर कळले की लाल, गोड, जीभ रंगवणारा आणि मुंबईहून येणारा सोडा म्हणजे बहुधा रास्पबेरी. हे फळ आमच्याकडे कोणी पाहिलेले नाही. पण त्याच्या नावाचा सोडा मुंबईच्या पारशांनी असा आपलासा केला की त्यांच्या लग्नाच्या पंगतीत तो हवाच. 'पालनजी'च्या नावासोबत १८६५ हे साल येते. 'ड्यूक्स' १८८९ चे. ते काढणारे दिनशाजी पांडोळे क्रिकेट खेळत, आणि इंग्लंडच्या ज्या ड्यूक कंपनीचे चेंडू प्रसिद्ध आहेत तिचेच नाव त्यांनी आपल्या सोड्याला दिले, असे सांगतात. पुण्याच्या अर्देशरांचा सोडा १८८४ चा, म्हणजे राष्ट्रसभेपेक्षा एक वर्षाने वडील! सुरतेचा सोस्यो १९२३ चा. गावोगावी असे वेगवेगळे सोडे का होते? याचे उत्तर मला चवीत नाही, बाटलीत सापडले.

सोड्यात महागडी वस्तू बाटली असते. गोटी सोड्याचेच पाहा. हिरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये त्या बाटलीचे पेटंट घेतले. गळ्यात काचेची गोटी, तोंडाशी रबराची कडी. आतल्या वायूचा दाब गोटीला वर दाबून धरतो, की झाकणाचे काम झाले. अशी बाटली करायला खर्च फार. म्हणून गाडीवाला ती आपल्यासमोर फोडतो, आपण तिथेच उभ्याने पितो आणि बाटली त्याच्या हातात परत देतो. तीच बाटली शंभरदा भरली जाते, म्हणून सोडा स्वस्त मिळतो. पेटीतल्या काचेच्या बाटल्यांचेही तसेच. भरलेली पेटी जिथवर जाऊन रिकामी परत येऊ शकते, तिथवर त्या सोड्याचे राज्य. मुंबईचा लाल सोडा उरणपर्यंत येई, कारण मोऱ्याहून रोज लाँच जाई आणि रिकाम्या बाटल्या तिच्यातून परत जात.

जाता जाता एक गंमत. एकोणिसाव्या शतकात उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र होते. तिच्या भट्ट्या पारशी मंडळींच्या होत्या आणि माल समुद्रमार्गे मुंबईला जाई. ज्या गावाने मुंबईला पाजले, त्याच गावचा एक विद्यार्थी आता मुंबईला एक साधी लाल बाटली मागायला निघाला होता!

पण निघण्यापूर्वी बाजारपेठ पालथी घातली. किराणा दुकाने, बेकरी, एसटी स्टँडजवळची रसवंती, सगळीकडे एकच उत्तर. एक म्हातारे दुकानदार मात्र थांबले. "रासबेरी? आथा कोन पितंय रं ते?" असे म्हणत त्यांनी फ्रीजकडे बोट दाखवले. फ्रीज कंपनीने दिलेला, त्यावर कंपनीचेच चित्र, आणि आत दुसऱ्या कोणाची बाटली ठेवायची नाही हा अलिखित करार. वीजबिल मात्र दुकानदाराचे. मला वाटते, सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. "मागणी नाही म्हणून माल येत नाही" असे आमचा अर्थशास्त्रवाला मित्र ऐटीत सांगतो. पण जी बाटली फ्रीजमध्ये शिरूच शकत नाही, तिला मागणी येणार कोठून? गरम सोडा मागायला कोण जाईल?

मोठ्या कंपन्यांना शिव्या घालून मोकळे होणे सोपे आहे. मी ते करणार नाही. करंजाच्या धक्क्यावर जाळी ओढणाऱ्याला किंवा बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत चार तास अडकलेल्या ड्रायव्हरला १० रुपयांत थंड, स्वच्छ बाटली मिळते, ही काही लहान गोष्ट नाही. कॅम्पा हे जुने नाव २०२२ मध्ये रिलायन्सने विकत घेतले आणि २०२३ मध्ये २०० मिलिलीटरची बाटली १० रुपयांना आणली. त्याच वर्षी सोस्योच्या कंपनीतही निम्मा वाटा घेतला. ड्यूक्स तर १९९४ मध्येच पेप्सीकडे गेले होते. म्हणजे जुनी नावे परत येतात, पण मोठ्याच्या बोटाला धरून. एकट्याने चालणाऱ्याची वाट अवघड आहे. सोड्यावर ४० टक्के कर आहे. म्हणजे १० रुपयांच्या बाटलीत सुमारे २ रुपये ८६ पैसे सरकारचे. हा दर महाकाय कंपनीला तोच आणि चार माणसांच्या कारखान्यालाही तोच. छोट्या उद्योगांना ठोक दराने कर भरण्याची जी सवलत आहे, तीतूनही सोडावाल्यांना २०१९ मध्ये वगळले. गोटीच्या गाडीवाल्याला याची झळ नाही. पण तो जरा वाढला, नोंदणीची वेळ आली, की थेट हत्तींच्या पंगतीत बसतो.

असो. आता माझ्या खरेदीचा हिशोब.

मोबाइलवर एका विक्रेत्याकडे लाल सोडा होता. ६ बाटल्या १०८० रुपये. एका बाटलीला १८० रुपये! वर 'वारसा' वगैरे शब्द. मला राग आला. वारसा म्हटला की भाव तिप्पट, हा कुठला न्याय? मी ठरवले, स्वतः जाऊन आणीन. १२ जानेवारी २०२४ पासून रेल्वे थेट उरणपर्यंत आलेली आहे, तिने जाणे शहाणपणाचे होते. पण आजीची पेटी लाँचीतून आली होती ना! मी मोऱ्याला गेलो आणि तासाभरात भाऊच्या धक्क्याला उतरलो. फोर्टातल्या एका इराणी हॉटेलात लाल बाटली मिळाली. ६० रुपये. मालक म्हणाले, "इथेच प्यायची. बाटली बाहेर जात नाही." मी आजीची सगळी कहाणी सांगितली. ते हसले आणि बाटलीमागे २० रुपये अनामत ठेवून ४ बाटल्या द्यायला तयार झाले. "रिकामी आणा, पैसे घेऊन जा."

परतताना ओहोटी लागली होती. मोऱ्याच्या जेट्टीशी गाळ इतका साचतो की ओहोटीला लाँच लागतच नाही, म्हणून दोन तास धक्क्यावर बर्फाची पिशवी सांभाळत बसलो. अखेर मोऱ्याला उतरताना पायरीवर पाय घसरला आणि एक बाटली फुटली. लाल ओघळ पाहून टोपलीवाल्या मावशी म्हणाल्या, "शिमगा आजच हाय काय रं पोरा?"

४ बाटल्यांचे २४०, अनामत ८०, जाण्यायेण्याचे आणि बर्फाचे २००, एकूण ५२०. हाती राहिल्या ३ बाटल्या. म्हणजे एक बाटली १७३ रुपयांना पडली. मोबाइलवाल्यापेक्षा ७ रुपये वाचवले म्हणायचे! अनामतीतले ६० रुपये अजून येणे आहेत, पण ते आणायला पुन्हा २०० रुपये लागतील.

या हिशोबाने माझे एक मत मात्र पक्के झाले. ६० रुपये हा भाव मला महाग वाटला नाही, कारण तो माणूस बाटली परत मागत होता. १८० चा भाव अन्यायाचा वाटला, कारण त्यातले निम्म्याहून अधिक पैसे खोक्याचे, वाहतुकीचे आणि आमच्या हळवेपणाचे होते. सोडा बनवणाऱ्याला त्यातले काय मिळत असेल? तीच गोष्ट आमच्या गावच्या दुकानांची. छापील किमतीवर 'थंड करण्याचे' २ रुपये जास्त घेतात. वैधमापन शास्त्राच्या नियमांप्रमाणे तो गुन्हा आहे, पण आपण निमूटपणे देतो. आणि गोटीवाल्याने दर ५ रुपयांनी वाढवला की त्याच्याशी हुज्जत घालतो. आम्ही विद्यार्थीसुद्धा!

तेव्हा माझी एक सूचना आहे आणि ती प्राचार्यांनी व विद्यार्थी मंडळाने मनावर घ्यावी. आपल्या कँटीनमध्ये एक कप्पा कोणत्याच कंपनीचा नसावा. फ्रीज जुना चालेल, पण आपला असावा. त्यात तालुक्यातल्या महिला बचत गटांनी केलेले कोकम सरबत ठेवावे, गोटी सोडा ठेवावा, आणि स्नेहसंमेलनाला मुंबईहून लाल सोड्याच्या चार पेट्या अनामत भरून एकदम आणाव्यात. एका पेटीला लाँचचा खर्च जड जातो, चार पेट्यांवर तो विभागला की बाटली ७० रुपयांच्या आत बसते, हे मी कागदावर मांडून पाहिले आहे. बाटल्या परत गोळा करण्याची जबाबदारी मी घेतो. पायऱ्या उतरताना मात्र दुसऱ्या कोणाला तरी पेटी धरू द्या!

साखरपुड्याला पाहुण्यांनी काळेच पेय प्यायले. आजीला मी आत स्वयंपाकघरात एक बाटली उघडून दिली. तिने अर्धी प्यायली, अर्धी ताईला दिली, मग पदराने तोंड पुसून आरशात जीभ बाहेर काढून पाहिली. बराच वेळ पाहिली.

"केवढ्याला रे?"

"२० रुपये," मी म्हणालो.

"मग दोनच का राहिल्या? पेटीच आणायची होतीस की."