भाजी वर, रस्सा खाली



डिसेंबरात आम्ही दोघं लेकीकडे टोकियोला जाऊन आलो. फोटो बऱ्याच जणींनी पाहिलेत, आणि "तिकडं खाल्लंत काय?" हेही बऱ्याच जणींनी विचारलंय. दशम्या, शेंगांची चटणी, बिनलसणाचं भडंग आणि लेकीच्या घरचा वरणभात यावर आमचे दिवस छान गेले. आज लिहायचंय ते अशा एका जेवणाबद्दल, जे मी जेवलेच नाही.

लेक निशी-कासाई भागात राहते. तिथं आपली भारतीय माणसं पुष्कळ आहेत, डाळ-तांदूळ-कणीक सगळं मिळतं. एका रविवारी ती म्हणाली, "आई, माझ्या नेहमीच्या रामेनच्या दुकानात चल ना. तू खाऊ नकोस, नुसती बस. मी व्हेजच घेते." डिसेंबरात तिथं साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून आम्ही तीनलाच निघालो. हे घरीच थांबले. ऑफिसच्या दिवशी ती रात्रीभोजनाचा नियम कसा सांभाळते, हे मी कधी विचारलं नव्हतं. तीही कधी बोलली नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रामेन म्हणजे मोठ्या वाडग्यात गरम रस्सा, त्यात गव्हाच्या शेवया आणि वर काहीबाही मांडलेलं. मोमोफुकु आंदो या गृहस्थांनी १९५८ साली याचीच झटपट, पाकिटातली आवृत्ती काढली. आपल्या मुलांची मॅगी त्याच घराण्यातली. दुकान अगदी साधं होतं. दारातच एक यंत्र, त्यात पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी निघते ती आचाऱ्याला द्यायची. आत लाकडी फळीसमोर दहा-बारा स्टुलं. लोक येतात, भुरके मारत दहा-पंधरा मिनिटांत खाऊन उठतात. भुरका मारला तर तिथं कुणी डोळे वटारत नाही. मला ते फार आवडलं.

शेवयांचं तर मला कौतुकच वाटलं. त्यांच्या पिठात कानसुई नावाचा खार घालतात, त्यानं शेवया पिवळसर आणि चिवट होतात. म्हणजे आपला पापडखारच की! उन्हाळ्यात आपण पापडाच्या पिठात जे करतो तेच ही माणसं करतात, असं मनात आलं आणि ते दुकान एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

लेकीनं भाज्यांच्या रामेनचं बटण दाबलं आणि आचाऱ्याला म्हणाली, "निकू नुकी." म्हणजे मांस वगळून. त्यानं मान हलवली. वाडगा आला. वर कोबी, गाजर, मोड आलेलं कडधान्य, कांद्याची पात. पात आणि गाजर तिनं काड्यांनी बाजूला काढलं आणि सवयीनं भुरका मारला.

माझं लक्ष भाजीकडे नव्हतंच. रस्सा पांढराफेक होता. आयुष्य स्वयंपाकघरात गेलंय, मैत्रिणींनो. भाज्यांच्या पाण्याला असा रंग येत नाही. आपण खोबरं घालतो, खसखस घालतो, दाण्याचं कूट घालतो, तेव्हा रस्सा दाट होतो. इथं खोबऱ्याचा वास नव्हता, तिळाचा नव्हता. आणि माझं माहेर कोल्हापूर. पांढरा रस्सा कशाचा करतात हे कोल्हापुरात न खाणाऱ्यालाही ठाऊक असतं.

मी विचारलं, "हे पाणी कशाचं आहे गं?"

"भाज्यांचंच असेल की."

"विचार जरा."

तिनं विचारलं. आचाऱ्यानं काहीही न लपवता मागच्या भल्यामोठ्या पातेल्याकडे बोट दाखवलं आणि "तोनकोत्सु" म्हणाला. डुकराची हाडं. ती कित्येक तास खळखळ उकळून, आतला मगज आणि चरबी पाण्यात मिसळून तो पांढरा रंग येतो. त्याचा काही दोष नव्हता. त्याला मांस काढायला सांगितलं होतं, त्यानं वरचे तुकडे काढले होते. रस्सा काढा असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं. रस्सा काढला तर रामेन राहतं कुठं?

लेकीनं काड्या खाली ठेवल्या. "आई, मी वर्षभर हेच खातेय," एवढंच म्हणाली.

आणि मी काय म्हणाले? "एवढी शिकलीस, तुला एवढंही कळलं नाही?"

घरी जाईपर्यंत आम्ही बोललो नाही. मला वाटत होतं ती चिडली आहे. झोपायच्या आधी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, म्हणूनच मी तुला काही सांगत नाही." मग सगळं बाहेर आलं. ऑफिसमधून सुटेपर्यंत कधीच अंधार पडलेला असतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस ती रात्री जेवते. पर्युषणात दोन दिवस पाळलं, तिसऱ्या दिवशी जमलं नाही. फोनवर मात्र रोज "हो, जेवले सूर्यास्ताआधी."

मैत्रिणींनो, रामेनपेक्षा मला हे जास्त लागलं. तिनं नियम मोडला यापेक्षा, तिला माझ्याशी खोटं बोलावं लागलं हे. आणि ते तिला मी शिकवलं. कारण असं काही ऐकल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं, ते त्या दुकानात मीच दाखवून दिलं होतं.

आता माझं म्हणणं सांगते. काहींना पटणार नाही, तरी सांगते.

आपण मुलींना नियम देतो ते यादीसारखे. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, अंडं नको. ही सगळी डोळ्यांना दिसणारी नावं आहेत. ताटात दिसलं की बाजूला काढायचं आणि उरलेलं खायचं, एवढंच त्यांना येतं. रामेनच्या दुकानात ही यादी पहिल्याच पायरीवर अडते, कारण तिथं जे खरं आहे ते पाण्यात विरघळलेलं आहे. डुकराचं नसेल तर कोंबडीच्या हाडांचं असतं, नाहीतर नीबोशी म्हणजे सुकवलेल्या बारीक माशांचं, नाहीतर कात्सुओबुशी म्हणजे सुक्या माशाच्या किसाचं. वर नुसत्या भाज्या दिसतात.

आणि हे फक्त जपानचं आहे असंही नाही. आपल्याकडच्या हॉटेलात मेनूवर "जैन" लिहिलेलं दिसलं की आपण निश्चिंत होतो. तोच तवा, तोच झारा, सूपला आधी करून ठेवलेलं पाणी, यातलं आपण काय विचारतो? जेलीतलं जिलेटिन कशापासून होतं, हे किती जणी विचारतात? लग्नात "मी कांदा काढून खाते" म्हणणारी मीही आहेच. तेव्हा लेकीला कोणत्या तोंडानं बोलणार?

मग मुलींना काय द्यायचं? माझ्या मते विचारण्याची सवय. आणि विचारायचं ते "यात मांस आहे का?" असं नव्हे. "याचं पाणी कशाचं आहे?" असं. जपानात रस्स्याच्या अर्काला दाशी म्हणतात. "दाशी वा नान देसु का?" एवढं एक वाक्य ज्यांची मुलं तिकडं आहेत त्यांनी पाठ करून घ्यावं. बुता म्हणजे डुक्कर, तोरी म्हणजे कोंबडी, साकाना म्हणजे मासा, तामागो म्हणजे अंडं. "शोजिन" हा शब्दही उपयोगी पडतो. त्यांच्या बौद्ध मठांत मांस-मासळीच काय, कांदा-लसूणही न घालता स्वयंपाक करतात, त्याला शोजिन रयोरी म्हणतात. झेन मंदिरांच्या दारात, उग्र भाज्या आणि मद्य आत आणू नये असं कोरलेले दगड आजही दिसतात. याच देशात ६७५ साली तेन्मु सम्राटानं गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली होती. म्हणजे आपली गोष्ट त्यांना अगदीच परकी नाही. पण शोजिन म्हणजे जैन नव्हे. त्यात मुळा, गाजर, आलं, अळिंबी सगळं असतं. तसंच वीगनचं. टोकियो स्टेशनच्या आवारात टीज तानतान म्हणून पूर्ण वीगन रामेनचं दुकान आहे, तिथं हाडांची आणि माशांची भीती नाही. कंदमुळांचं मात्र आपलं आपण विचारायचं. अन्न आपल्या नियमात बसवून देणं हे आचाऱ्याचं काम नाही. नियम आपण घेतलाय, तर विचारणं आपलं, आणि नाही जमलं तर उठून येणंही आपलंच.

मी हे बोलले तेव्हा मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, तिला माहीत नव्हतं ना? मग पाप कसलं?" दुसऱ्या म्हणाल्या, "मुलींना एवढ्या लांब पाठवायचंच कशाला?"

दोन्ही मला पटत नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या सुरू होते तीच प्रमादापासून. बेसावधपणापासून. लेकीनं संकल्प करून काही केलं नाही हे खरं, पण वर्षभरात एकदाही विचारलं नाही, हा प्रमादच. तो ती स्वतः मान्य करते. आणि पाठवायचंच नाही म्हणाल, तर चूक घरातही होते. मी कॉलेजला असताना वसतिगृहात मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक खाल्ला. त्यात अंडं होतं हे दुसऱ्या दिवशी कळलं. आईला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. आई जाऊन नऊ वर्षं झाली. आलोचना पाठ म्हणताना अजूनही मी त्या ओळींपाशी अडखळते.

आपल्या धर्मात चूक झाल्यावर काय करायचं याची वाट आधीच घालून दिलेली आहे. आधी आलोचना, म्हणजे न लपवता सांगणं. मग प्रतिक्रमण, म्हणजे मागे फिरणं. मुनिमहाराजही आपले दोष गुरूंपुढे सांगतात. ऐकणारा ओरडला तर कोण सांगेल? घरात मुलीची गुरू आईच असते, निदान पहिली वीस वर्षं तरी. आपण मुलीला देवदर्शन शिकवतो, पाणी गाळायला शिकवतो, पण "आई, माझं चुकलं" म्हणायला जागा ठेवतो का? ती जागा ठेवली नाही तर नियम फोनवर पाळले जातात.

त्या रात्री मी तिला माझ्या केकची गोष्ट सांगितली. ती आधी बघतच राहिली, मग हसली, मग दोघी रडलो. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून एक महिना गोड सोडलं. मी सांगितलं नव्हतं. रात्रीभोजनाचं आम्ही असं ठरवलं, की शनिवार-रविवार आणि अष्टमी-चतुर्दशी नक्की पाळायची, बाकीचे दिवस जमेल तसे वाढवायचे, आणि न जमलेल्या दिवशी "जमलं नाही" असंच म्हणायचं. काहींना हे कमी वाटेल. मला खरं बोलून पाळलेले दोन दिवस खोट्या सात दिवसांपेक्षा जास्त वाटतात.

आता रविवारी ती घरीच शेवया करते. तीळ आणि दाण्याचं कूट वाटून रस्सा, वर कोबी आणि ढोबळी मिरची. तिचे साडेतीन वाजलेले असतात, आपल्याकडे दुपारचे बारा. वाडगा कॅमेऱ्यासमोर धरते आणि विचारते, "रंग बरोबर आलाय का?"

गेल्या आठवड्यात तिचा फोन अवेळी आला. ऑफिसच्या जेवणात साधी पालकाची भाजी होती, दोन घास झाल्यावर कळलं की ती माशाच्या पाण्यात भिजवलेली आहे. "आई, आधी विचारायचं राहिलं," म्हणाली.

ते जुनं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. मग पुढं काय केलंस?"

"ताट बाजूला ठेवलं आणि भात-दही मागवलं."

जय जिनेंद्र.