शर्यतीची छायाचित्रे आणि त्यांवरील हक्क

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, त्या वेळी ४२.१९५ किलोमीटर धावणे हा सामान्य गृहस्थाचा उद्योग नव्हे, अशीच बहुतेकांची समजूत होती. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातून पहाटेच्या अंधारात निघून, सागरी सेतू ओलांडून, आणि पाय जड झालेले असताना पेडर रोडची चढण चढून परतणाऱ्या समुदायात कारकून, शिक्षिका, डॉक्टर, निवृत्त अधिकारी असे सर्व थरांतील लोक असतात. तयारीच्या दीर्घ परिश्रमांचा दाखला म्हणून त्यांना पदक मिळते, वेळेची नोंद असलेले प्रमाणपत्रही मिळते. परंतु त्या चढणीवर आपण कसे दिसत होतो, हे ज्याला पाहता येत नाही असा त्या रस्त्यावरचा एकच मनुष्य म्हणजे स्वतः धावणारा. छायाचित्राचे मोल त्याला वाटते ते यामुळे, आणि याच कारणास्तव ते छायाचित्र त्याला विनामूल्य व विनाविलंब मिळाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनेक शर्यतींत आज निराळाच रिवाज आहे. धावणाऱ्याने प्रवेशशुल्क भरलेले असते. शर्यतीनंतर त्याला त्याचे छायाचित्र दाखवले जाते, पण त्यावर आडवीतिडवी अक्षरे उमटवलेली असतात, आणि स्वच्छ प्रत हवी असल्यास पुन्हा रक्कम मोजावी लागते. परिणामी पुष्कळजण ती अक्षरांनी झाकलेली, धूसर प्रतच मित्रमंडळींना पाठवून समाधान मानतात. त्यात धावणाऱ्याचा चेहरा नीट दिसत नाही, आणि ज्या पुरस्कर्त्याने या उपक्रमासाठी द्रव्य पुरवले त्याचे नावही वाचता येत नाही. विक्रीतून मिळणाऱ्या अल्पशा प्राप्तीसाठी उभयपक्षी एवढी हानी पत्करण्यात कोणते शहाणपण आहे, हे मला आजवर उमगलेले नाही.

पुरस्कर्त्यांच्या हिताचा विचार केला तरी निष्कर्ष हाच निघतो. प्रारंभी स्टॅण्डर्ड चार्टर्ड बँकेचे आणि २०१८ पासून टाटांचे नाव मुंबईच्या शर्यतीशी जोडले गेले. असे नाव धावणाऱ्याच्या छातीवरील बिबवर छापलेले असते आणि अंतिम रेषेवरील कमानीवरही झळकत असते. म्हणजे छायाचित्राच्या चारही कडांना ठळक पट्ट्या जोडण्याची आवश्यकता मुळातच नाही. रस्त्यावरच्या फलकाकडे पाहणारा वाटसरू क्षणभर पाहून पुढे जातो. पण आपल्या बहिणीचे, शेजाऱ्याचे किंवा कचेरीतील सहकाऱ्याचे छायाचित्र मनुष्य थांबून, कौतुकाने पाहतो, आणि पुढच्या वर्षी आपणही धावावे ही इच्छा बहुधा तेथेच जन्म घेते. मात्र ते रविवारी सायंकाळपर्यंत हाती आले पाहिजे. चार दिवसांनी आलेल्या छायाचित्राला तो उत्साह भेटत नाही.

एका छायाचित्राचे सामर्थ्य केवढे असू शकते, याचे उदाहरण बोस्टन येथे १९६७ साली घडले. कॅथरिन स्विट्झर ही तरुणी २६१ क्रमांक लावून धावत असताना जॉक सेम्पल या अधिकाऱ्याने तिला मार्गातून ओढून काढण्याचा प्रयत्न केला. वार्ताहरांना वाहून नेणारी मोटार जवळच असल्यामुळे तो प्रसंग छायाचित्रांत टिपला गेला. एरवी काही क्षणांची झटापट म्हणून जे विस्मरणात गेले असते, ते जगभर पाहिले गेले. त्या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ साली मिळाला. आपल्याकडे बारामतीच्या लता भगवान करे यांनी पतीच्या उपचारांसाठी, नऊवारी नेसून आणि अनवाणी धावून, ज्येष्ठांची शर्यत जिंकली. त्यांची ती धावती मूर्ती महाराष्ट्राच्या स्मरणात राहिली आहे.

म्हणून छायाचित्रकारांनी केवळ अग्रभागी धावणाऱ्यांसाठी उभे राहू नये. विजेत्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतातच. सहाव्या तासाला, उन्हाने काळवंडून, निर्धाराने पाऊल टाकत येणाऱ्या मनुष्याचे छायाचित्र काढायला तेथे कोणीतरी असलेच पाहिजे, कारण त्याच्या घरी त्याची वाट पाहणारे लोक तितकेच आहेत. छायाचित्रकाराचा मोबदला आयोजकाने अथवा पुरस्कर्त्याने पूर्णपणे चुकता करावा आणि त्याचे नाव चित्राखाली द्यावे. औदार्याचा भार त्याच्या शिरावर टाकणे अन्यायाचे होईल. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे राहतो अशी तरतूद १९५७ च्या कायद्यात आहे. तेव्हा वाटपाला कायद्याची आडकाठी येण्याचेही कारण नाही.

येथे एक गोष्ट मात्र कसोशीने पाळली पाहिजे. धावणाऱ्याला त्याचे चित्र देणे ही एक बाब, आणि तेच चित्र आपल्या मालाच्या जाहिरातीत वापरणे ही सर्वस्वी दुसरी बाब. प्रवेशपत्रातील बारीक अक्षरांच्या मजकुरात दोन्हींची परवानगी एकदमच घेऊन टाकण्याची जी पद्धत रूढ आहे, ती मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी २०२३ साली संमत झालेल्या कायद्याने संमती ही स्वेच्छेची, विशिष्ट हेतूपुरती आणि बिनशर्त असावी अशी अपेक्षा ठेवली आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची अनुमती आवश्यक मानली आहे. अलीकडे चेहऱ्यावरून छायाचित्र शोधून देणारी यंत्रणा आली आहे. ती सोयीची खरी, परंतु बिबच्या क्रमांकावरून जे काम होते त्यासाठी हजारो चेहऱ्यांची मोजमापे कोणाच्या दप्तरी साठवून ठेवावीत, हे मला मान्य नाही. क्रमांक दुमडला गेल्यामुळे एखादे चित्र सापडले नाही, तर धावणाऱ्याने मागणी केल्यावर, आणि केवळ त्याच्यापुरता, त्या यंत्रणेचा उपयोग करावा.

या शर्यती सार्वजनिक रस्त्यांवर होतात. त्यासाठी वाहतूक वळवली जाते, पोलीस पहाटेपासून तैनात असतात, आणि रहिवासी काही तास आपली गैरसोय सोसून उलट धावणाऱ्यांना पाणी, संत्र्याच्या फोडी आणि टाळ्या देतात. नगरपालिका व पोलीस यांनी परवाना देताना दोन अटी घालाव्यात, अशी माझी सूचना आहे: प्रत्येक सहभागी व्यक्तीला तिची छायाचित्रे विनामूल्य मिळावीत, आणि जाहिरातीसाठीच्या परवानगीचा रकाना प्रवेशपत्रात स्वतंत्र, कोरा असावा, तो भरला नाही म्हणून कोणाचाही प्रवेश अडू नये.