पायऱ्या किती, तेवढे आधी सांगा

धरमपेठेतल्या आमच्या घराची माडीवरची खोली पूर्वी मुलांच्या अभ्यासाची होती. आता तिथे माझी भाची आणि तिची मैत्रीण दर शनिवारी दार लावून बसतात. आवाज येतो म्हणून पंखादेखील बंद. समोर माइक, हातात मोबाइल. त्यांचा ‘पॉडकास्ट’ चालतो. ऐकणारे प्रश्न पाठवतात, या दोघी उत्तरे देतात. पावसाळ्यात चिखलदरा बरा की पचमढी, नवा सिनेमा आईबाबांसोबत बघण्यासारखा आहे का, असले प्रश्न. भाषा अस्सल नागपुरी. ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’ त्या बेधडक बोलतात. रेडिओवर बोलायचे तर आधी आपली बोली धुऊन-पुसून घ्यायची, असे मानणारी आमची पिढी. म्हणून मला या मुलींचे कौतुकच वाटते.

पण गेल्या वर्षी एक गोष्ट घडली. एकाने विचारले होते, आईला चौरागडला महादेवाच्या दर्शनाला न्यायचे आहे, तिला झेपेल का? दोघींनी हसत सांगितले, “बिनधास्त न्या, वरून काय मस्त दिसतं!” दोघींपैकी एकीनेही चौरागड चढलेला नव्हता. पचमढीजवळच्या त्या डोंगरावर तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ती माउली अर्ध्यावर मटकन बसली. मुलाने धरून धरून खाली आणले आणि मग चार ओळी लिहून पाठवल्या. रागाच्या नव्हत्या. तुम्ही म्हणालात म्हणून निघालो होतो, एवढेच. भाची वाचून गप्प झाली. “मावशी, आम्ही तर गंमत म्हणून बोललो ना!”

गंमत कुठे संपते आणि सल्ला कुठे सुरू होतो? प्रश्न नवा नाही. श्रोत्याची आणि निवेदकाची मैत्री आपल्याकडे जुनी आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली आणि घरोघरचे काटे रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची ‘गीतमाला’ सुरू झाली आणि पत्रांचा पूर लोटला. १९५७ मध्ये विविध भारती आली, तीही फर्माइशींच्या पत्रांवर वाढली. अर्थात गाण्याचा क्रम चुकला तर घरात वाद होई, कुणाचे गुडघे दुखत नसत.

पुढे १९९० मध्ये दूरदर्शनवर ‘सुरभि’ आली. सिद्धार्थ काक आणि आपली रेणुका शहाणे देशाच्या कानाकोपऱ्यातले सण, कला, गावे दाखवीत आणि प्रेक्षकांची पत्रे समोर घेऊन बसत. एका आठवड्यात १४ लाखांवर पत्रे आल्याचे सांगतात. अशा स्पर्धांच्या पत्रांचा भार इतका वाढला, की टपाल खात्याने त्यासाठी वेगळे, महागडे पोस्टकार्ड काढले. आमच्या घरूनही कार्डे जात. बक्षीस म्हणून प्रवास मिळेल, या आशेवर आमच्या वडिलांनी बॅगसुद्धा झाडून ठेवली होती. ती कुठे गेली नाही, ही गोष्ट वेगळी! पण पत्र आणि उत्तर यांच्या मधे दिवस जात, आणि त्या दिवसांत कुणीतरी माहिती काढू शके. आज प्रश्न आला की उत्तर त्याच घटकेला हवे. मधला वेळ गेला, आणि त्याच्याबरोबर चौकशीही गेली.

कुणी म्हणेल, ही करमणूक आहे. आईला नेणाऱ्याने स्वतः चौकशी करायला नको का? करायला हवी, हे खरेच. प्रश्न विचारतानाही आईचे वय काय, गुडघे कसे आहेत, हे सांगायला हवे. पण तो विचारतो म्हणजे चौकशीच करीत असतो ना? आपल्याच बोलीत बोलणारा आवाज त्याला घरचा वाटतो. परक्या जाहिरातीवर तो शंका घेईल, घरच्यावर घेणार नाही. या मुलींची बोली हे त्यांचे बळ आहे आणि जबाबदारीही त्यातूनच येते.

सिनेमाबद्दल हवे ते मत द्यावे. फार तर तिकिटाचे पैसे वाया जातील. प्रवासाचे तसे नाही. तिथे आपण स्वतः गेलो होतो, की ऐकून सांगतो आहोत, हे आधी सांगावे. एखाद्या हॉटेलाने फुकट ठेवून घेतले असेल तर तेही लपवू नये. आणि ‘माहीत नाही, विचारून सांगते’ हेसुद्धा पूर्ण उत्तर आहे. ते द्यायला लाज कसली?

पुढच्या शनिवारी भाचीने ते पत्र माइकसमोर वाचले. आम्ही तिथे गेलोच नव्हतो, हे सांगितले, माफी मागितली, आणि जे चढून आलेत त्यांनी लिहावे, अशी विनंती केली. आठवडाभर उत्तरे येत राहिली. किती वाजता निघावे, कुठे टेकावे, कोणी वर न जाता खालूनच हात जोडावेत, सगळे बायाबापड्यांनी स्वतःच्या अनुभवातून कळवले. दोघींनी ते नीट लिहून काढून वाचून दाखवले. त्या दिवशी गंमत थोडी कमी झाली असेल. पण पुढच्या आठवड्यात त्या मुलाचा निरोप आला: आईने आख्खा भाग ऐकला, आणि आता रामटेकला किती पायऱ्या आहेत ते विचारते आहे.

भाचीने लगेच उत्तर दिले नाही. रविवारी सकाळी दोघी स्कूटर काढून रामटेकला मोजायला गेल्या.