बोंब मारणारं उपकरण परवडलं

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा एक रामबाण उपाय आहे: रीस्टार्ट मारा. चाललं ना? मग तिकीट बंद! वेबसाइटचं ठीक आहे हो, पण पेट्रोलच्या टाकीचं काय?

औद्योगिक सेफ्टी सिस्टिमवाले (आयईसी ६१५११ हे त्यांचं मानक) एखादं उपकरण बिघडलं की आधी विचारतात, कुठल्या बाजूला बिघडलं? उगाचच प्लांट बंद पाडला, तर बिघाड 'सेफ'. नुकसान होतं, साहेब ओरडतात, पण माणसं जिवंत राहतात. गरजेच्या वेळी जे गप्प बसेल, ते 'डेंजरस'. त्यातही सिस्टिमला आपोआप कळलं तर 'डिटेक्टेड', नाहीतर 'अनडिटेक्टेड'. खरा वैरी हा शेवटचा. तो टेस्ट घेतल्याशिवाय सापडतच नाही.

साधा हिशोब बघा. समजा असा बिघाड सरासरी ५० वर्षांतून एकदा होतो. दरवर्षी टेस्ट घेतली तर तो सरासरी सहा महिने लपून राहतो, म्हणजे ऐनवेळी दगा मिळण्याची शक्यता शंभरात १. टेस्ट दोन वर्षांवर ढकलली की शंभरात २. उपकरण तेच, फक्त आपली चालढकल वाढली.

आता इंग्लंडमधलं बन्सफिल्ड. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे तिथल्या ९१२ नंबरच्या टाकीत पेट्रोल भरणं चालू होतं. पातळी दाखवणारा गेज अडकला. पडद्यावर आकडा स्थिर, टाकी मात्र भरतेय! शेवटचा पहारेकरी म्हणजे वेगळा हाय-लेव्हल स्विच. त्याच्या टेस्टच्या दांड्याला कुलूप लावलेलं नव्हतं, म्हणून तो निकामी होता. ते कुलूप नेमकं कशासाठी, हेच तिथल्या लोकांना नीट माहीत नव्हतं. टाकी ओसंडली, वाफेचा ढग पसरला, सहाच्या सुमारास स्फोट. ४३ जखमी, रविवार होता म्हणून कुणी दगावलं नाही.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. तो गेज ऑगस्टअखेरपासून १४ वेळा अडकला होता! कधी सुपरवायझरनी हलवून चालू केला, कधी कंत्राटदार बोलावला. बिघाड म्हणून नोंद कधी झाली, कधी नाही. म्हणजे आपलं रीस्टार्टच की.

माझं म्हणणं एवढंच, की 'चालू झालं' हे बिघाडाचं वर्गीकरण नव्हे. डेंजरस बिघाड दुसऱ्यांदा झाला, की कारण सापडेपर्यंत पर्यायी पहारा ठेवा, नाहीतर टाकी भरणं थांबवा. यात उत्पादन बुडतं, मान्य. पण तो निर्णय पहाटे तीनला एकट्या ऑपरेटरवर सोडू नका, आधीच लिहून ठेवा.

तुम्हाला काय वाटतं?