कपाशीच्या जिल्ह्यात सांदवाडीचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात भादव्याइतकी पैशाची चणचण क्वचितच असते. बियाणं, खत, डवरणी, निंदण, फवारणी या सगळ्यांवरचा खर्च तोवर होऊन गेलेला असतो. सोयाबीन अजून शेतात उभं असतं आणि कपाशीची पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे. त्याच दिवसांत महालक्ष्म्या येतात, त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, पाठोपाठ पितृपक्ष लागतो आणि आठवडी बाजारात भाजीचे भाव चढतात. घरामागच्या सांदवाडीत मात्र याच पंधरवड्यात दोडकी, कारली, ढेमसं, भेंडी, बरबटी, काकडी आणि अंबाडी एकदम तोडणीला आलेली असतात. हाती पैसा नाही तेव्हाच भाजी भरपूर आहे, ही गोष्ट आपण योगायोगावर सोडून दिली आहे. परसबाग हा हौसेचा किंवा सुशोभीकरणाचा विषय नाही. कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात ती शेतीच्याच आखणीत धरली पाहिजे, आणि लावण्याइतकंच लक्ष वेळेवर तोडण्याकडे आणि नीट रांधण्याकडे दिलं पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, पूर्वी भाजी शेतातूनच येत होती, वेगळ्या वाडीची गरज काय? खरं आहे. कपाशीत तुरीच्या ओळी असत, मध्येच बरबटी टाकलेली असे, धुऱ्यावर अंबाडी उभी असे आणि निंदताना तरोटा, माठ, घोळ ओट्यात येत असे. आज जिल्ह्यात चार लाखांहून अधिक हेक्टरांवर कपाशी आहे, आणि तणनाशक जिथे मारलं जातं तिथे तणासोबत ही रानभाजीही जाते. त्याहून गंभीर प्रश्न फवारणीचा आहे. 2017 च्या पावसाळ्याअखेरीस याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. जी हवा फवारणाऱ्याला दवाखान्यात पोचवते, तिच्यातलेच थेंब धुऱ्यावरच्या अंबाडीच्या पानांवरही बसतात. म्हणून कपाशीला लागून उगवलेली पालेभाजी आज डोळे झाकून घरात आणता येत नाही. भाजी शेतापासून दूर, घराजवळ न्यायची ती या कारणासाठी. आणि तिथे कपाशीचं उरलेलं औषध, तोच पंप किंवा औषधाचा रिकामा डबा अजिबात वापरायचा नाही.

तोडणीचं शास्त्र साधं आहे, पण पाळलं जात नाही. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. तीन-चार दिवस राहिली की राठ होते. दोडकं, काकडी, बरबटी यांचंही तसंच. वेलीवर एखादं फळ जून होऊन त्यात बी पक्व होऊ लागलं की वेलीची ताकद तिकडे जाते आणि नवी फळं धरणं मंदावतं. कोवळं तोडत राहिलं तर तोच वेल आणखी काही आठवडे देतो. बियासाठी निरोगी वेलीवरचं एखाद-दुसरं चांगलं फळ खूण बांधून राखावं, बाकी कोवळंच उतरवावं. कोहळ्याचं उलट आहे. ते पूर्ण पिकू द्यावं आणि देठासकट काढावं, मग घरात कोरड्या जागी काही महिने टिकतं. बरबटीच्या सुटलेल्या शेंगा वाळल्या तरी वाया जात नाहीत, त्यांची उसळ होते. आणि पोपटीच्या वालाला शेंगा दिवस लहान झाल्यावरच धरतात, त्यामुळे दोडक्याचा वेल उतरला तरी मांडव रिकामा राहत नाही. सगळं एकदम येतं आणि मग फेकावं लागतं, ही तक्रार बहुतेक वेळा एकाच दिवशी सगळं पेरल्यामुळे असते.

रांधण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण प्रश्न पोट भरण्यापुरता नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019 ते 2021 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची जवळपास 69 टक्के बालकं रक्तक्षयी आढळली. आधीच्या फेरीपेक्षा दोन्ही आकडे वाढले आहेत. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. पाच जणांच्या घराला हे दिवसाला दोन किलो, आठवड्याला चौदा किलो होतात. आठवडी बाजारातून एका पिशवीत मजुराच्या घरी एवढं कधी येत नाही. अर्थात पालेभाजीने रक्तक्षय बरा होतो असा दावा करणं चुकीचं ठरेल. पानांतलं लोह शरीराला कमीच लागू पडतं. गोळ्या, जंतनाशक, डाळी यांची जागा भाजी घेत नाही. पण वऱ्हाडी पद्धतीची अंबाडीची भाजी पाहा. पानं उकळून पाणी टाकून देतात, त्यात आंबटपणासोबत लोहाच्या आड येणारं ऑक्झॅलेटही बऱ्यापैकी निघून जातं. मग तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची तेलाची फोडणी. पानांतलं कॅरोटीन अंगी लागायला तेल लागतंच. उकळण्यात क जीवनसत्त्व मात्र जातं, तेवढी भर लिंबाची फोड घातली की होते. जेवणाला लागून चहा घेतला तर लोहाचा लाभ कमी होतो, म्हणून चहा तासाभराने घ्यावा.

सर्वांत वजनदार आक्षेप कष्टांचा आहे. दिवसभर निंदणाला वाकलेल्या बाईने घरी येऊन पुन्हा वाडीत वाकायचं का? परसबागेचं कौतुक करणारे या प्रश्नाला बगल देतात. तिचं काम वाढत असेल तर ती परसबाग नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मांडव घालणं, कुंपण करणं, माकडं आणि डुकरं राखणं, खड्डे भरणं ही घरातल्या पुरुषांची आणि तरुण मुलांची कामं ठरली पाहिजेत. आणि वाडी लहानच असावी : चार-पाच वेल, भेंडीची एक ओळ, अंबाडीचा तुकडा. दुसरा आक्षेप पाण्याचा. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरातच पिण्याच्या पाण्याचे हाल झाले, तिथे भाजीला पाणी कुठून? उन्हाळी भाजीबाबत हे खरं आहे. पण भादव्यातली वाडी पावसावर येते. पावसाने दडी मारली तर चार वेलींना भांडी धुतलेलं पाणी पुरतं.

ज्यांना घरामागे हातभर जागाही नाही, त्यांना मात्र वरचं एकही उत्तर लागू पडत नाही. पोडांवरची, म्हणजे आपल्या वस्त्यांवरची, कोलाम आदिवासी कुटुंबं असोत की गावातले भूमिहीन मजूर, त्यांच्यासाठी अंगणवाडीचं आणि शाळेचं आवारच उरतं. शालेय परसबागा आणि उमेद अभियानाच्या पोषण परसबागा आधीच सुरू आहेत. पण किती बागा लावल्या, बियाण्याची किती पाकिटं वाटली, एवढ्या मोजणीने काही कळणार नाही. सप्टेंबरात त्या बागेतलं काय पोषण आहाराच्या पातेल्यात पडलं, आणि सुट्टीच्या दिवशी तोडलेली भाजी कोणाच्या घरी गेली, हे मोजावं. बियाण्याची अडचण त्यामानाने लहान आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी गावरान वाण जपून बियाणं वाटलं. 2020 च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव आलं. यवतमाळातल्या बचत गटांनी ढेमसं, बरबटी, अंबाडी आणि पोपटी या चार वाणांचं बी पिकेल तसं राखून ठेवलं, तर पुढच्या मृगात पाकिटांची वाट पाहावी लागणार नाही.