भात सोडून भाकरी खाल्ली की डायबिटीस टळतो?

‘शुगर वाढली? मग भात बंद, भाकरी सुरू!’ हा सल्ला घरोघरी मिळतो. पण तो अर्धाच खरा आहे.

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आहे. याच पाहणीतली आहाराची आकडेवारी २०२५ मध्ये आली. आपल्या रोजच्या कॅलरींपैकी तब्बल ६२ टक्के कर्बोदकांतून येतात.

संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर धोका कमी होत नाही. रोजच्या ५ टक्के कॅलरी कर्बोदकांऐवजी डाळी किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांतून घेतल्या, तर मात्र तो कमी होतो.

मग ताटात काय बदलायचं?

• तीनऐवजी दोन भाकऱ्या घ्या, उसळ किंवा वरण वाटीभर वाढवा.
• आधी कोशिंबीर, भाजी, उसळ खा, भात-भाकरी नंतर. त्यामुळे साखर हळू चढते.
• जेवताना मोबाइल बाजूला ठेवा, सावकाश चावून खा. पोट भरल्याचं मेंदूला कळायला साधारण २० मिनिटं लागतात.

इन्सुलिन किंवा गोळ्या सुरू असतील तर जेवण परस्पर कमी करू नका, साखर एकदम खाली येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा.

थोडक्यात, ताटात भात आहे की भाकरी, यापेक्षा ती किती आहे आणि सोबत काय आहे, हे महत्त्वाचं.